तरुण वयातील उच्च रक्तदाब : निदान, कारणे आणि उपचार

उच्च रक्तदाब हा पन्नाशीनंतरचा विकार आहे, ही समजूत भारतीय समाजात अद्याप घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात विशी-तिशीतील अनेक स्त्री-पुरुषांना तो जडलेला असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नसते. नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी, रक्तदान शिबिर, एखादी किरकोळ शस्त्रक्रिया किंवा गर्भारपणातील पहिली तपासणी अशा निमित्ताने रक्तदाब मोजला जातो आणि विकार उघडकीस येतो. तोपर्यंत किती काळ लोटला, हे कुणालाच सांगता येत नाही. तरुण वयातील उच्च रक्तदाबाचे गांभीर्य याच लोटलेल्या काळात आहे. पंचविसाव्या वर्षी वाढलेला दाब वेळीच ओळखला गेला नाही, तर हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांना तो चाळिशी गाठेपर्यंत पंधरा वर्षे सोसावा लागतो.

देशातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. सिक्कीम, पंजाब आणि केरळ या राज्यांत हे प्रमाण स्त्री व पुरुष या दोन्ही गटांत ३० टक्क्यांच्या वर गेले. महाराष्ट्र राष्ट्रीय सरासरीच्या आसपास राहिला. त्याआधी २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील ५ टक्के मुलामुलींमध्ये उच्च रक्तदाबाची नोंद झाली होती. म्हणजे शंभर विद्यार्थ्यांच्या तुकडीत सरासरी पाच जण या गटात मोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी केवळ ३७ टक्क्यांचे निदान झाले आहे, ३० टक्के उपचार घेत आहेत आणि अवघ्या १५ टक्क्यांचा रक्तदाब नियंत्रणात आहे. या गणनेत तिशीच्या आतील रुग्णांचा समावेशच नाही.

किती रक्तदाब म्हणजे उच्च

हृदयातून बाहेर पडणारे रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब टाकते, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हृदय आकुंचन पावते त्या क्षणीचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. प्रौढांमध्ये १२०/८० च्या आतील रक्तदाब सर्वसाधारण मानला जातो. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या किमान दोन तपासण्यांत वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक आढळल्यास उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. भारतातील सरकारी उपचारपद्धती आणि युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे याच मर्यादेवर आधारलेली आहेत. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी मात्र २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० पर्यंत खाली आणली.

या मतभेदाचा तरुणांशी जवळचा संबंध आहे. १३०/८० ते १४०/९० या पट्ट्यात असलेल्या तरुणाला भारतात सहसा औषध दिले जात नाही. तरीही त्याचा रक्तदाब पुढील काही वर्षांत वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. आहार, वजन आणि व्यायाम यांकडे लक्ष देऊन विकार पुढे ढकलण्याची सर्वांत मोठी संधी याच टप्प्यावर मिळते.

तरुणांमध्ये अनेकदा केवळ खालचा आकडा वाढलेला असतो. लहान धमन्या आवळल्या गेल्याने हे घडते. वयानुसार मोठ्या धमन्या कडक होतात आणि वरचा आकडा वाढू लागतो. १३०/९६ अशी नोंद पाहून ‘वरचा बरा आहे’ म्हणून ती सोडून देणे म्हणूनच योग्य नाही. दोहोंपैकी कोणताही एक आकडा मर्यादेबाहेर असला तरी पुढील तपासणी आवश्यक ठरते.

निदान का निसटते

उच्च रक्तदाबाला बहुधा कोणतेही लक्षण नसते. डोके दुखले, चक्कर आली किंवा नाकातून रक्त आले म्हणजे रक्तदाब वाढला आणि असे काही झाले नाही म्हणजे तो ठीक आहे, हा समज चुकीचा आहे. १६०/१०० रक्तदाब असलेला तरुण रोज मैदानावर खेळू शकतो, रात्रपाळी करू शकतो, आणि त्याला काहीही जाणवत नाही.

दुसरे कारण व्यवस्थेतील आहे. असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब व मधुमेहाची घरोघर पोहोचणारी तपासणी ३० वर्षे आणि त्यावरील नागरिकांसाठी आहे. शाळेतील आरोग्य तपासणीनंतर तिशीपर्यंतच्या काळात निरोगी दिसणाऱ्या तरुणाचा, विशेषतः पुरुषाचा, रक्तदाब मोजण्याचा नियमित प्रसंगच येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपणामुळे तो निदान एकदा तरी येतो.

तिसरे कारण निदान झाल्यानंतरचे आहे. ‘एवढ्या लहान वयात बीपी कसे असेल’, ‘परीक्षेचा ताण असेल’, ‘एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही’ अशा सल्ल्यांमुळे दुसरी मोजणी टळते. काही कुटुंबांत विवाह ठरण्यात अडथळा नको म्हणूनही आजार लपवला जातो.

पंधरा-वीस वर्षांचा भार

धमनीवरील दाब सतत वाढलेला राहिला की तिच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते, भिंत जाड व कडक होते आणि तेथे चरबीचे थर साचणे सोपे जाते. वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याचे स्नायू जाड होतात. मूत्रपिंडातील गाळण्यांतून प्रथिने झिरपू लागतात. डोळ्यांच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म धमन्या अरुंद होतात. हे सर्व बदल हळूहळू होतात आणि प्रारंभीच्या अवस्थेत त्यांपैकी काही मागे वळवता येतात.

या प्रक्रियेचा दीर्घ मागोवा अमेरिकेतील ‘कार्डिया’ या अभ्यासाने घेतला. १९८५-८६ मध्ये बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतील १८ ते ३० वयोगटाच्या ५,११५ व्यक्तींची नोंदणी करून त्यांच्या आरोग्याचा दशकानुदशके पाठपुरावा करण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा रक्तदाब चाळिशीपूर्वीच १४०/९० किंवा त्याहून अधिक होता अथवा ज्यांना औषध सुरू झाले होते, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटनांचा धोका सर्वसाधारण रक्तदाब असलेल्यांच्या तुलनेत सुमारे साडेतीनपट आढळला. त्याहून कमी वाढ असलेल्या गटांतही धोका दीडपटीहून अधिक होता.

उपचारांचा लाभही मोजलेला आहे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसते की, वरचा आकडा १० ने कमी केल्यास हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटना सुमारे २० टक्क्यांनी आणि पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी घटतात. या चाचण्यांतील बहुतेक रुग्ण मध्यम व उतारवयाचे होते. तिशीच्या आतील रुग्णांवर इतक्या दीर्घ चाचण्या झालेल्या नाहीत. त्यामुळे तरुणांच्या बाबतीत औषध कधी सुरू करायचे याचा निर्णय डॉक्टर प्रत्येक रुग्णाचा एकूण धोका पाहून घेतात.

मोजणी अचूक कशी व्हावी

एका घाईच्या मोजणीवरून कुणालाही रुग्ण ठरवता येत नाही आणि कुणाला निरोगीही म्हणता येत नाही. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. खुर्चीत पाठ टेकून, पाय न दुमडता जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर ठेवून दंड हृदयाच्या पातळीत असावा. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून न गुंडाळता उघड्या दंडाला गुंडाळावा. मोजणी सुरू असताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने किमान दोनदा मोजून सरासरी काढावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा रक्तदाब पाहणे आवश्यक असते.

पट्ट्याचा आकार हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. स्थूल व्यक्तीच्या किंवा व्यायामशाळेत कमावलेल्या जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा लावल्यास रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो.

काहींचा रक्तदाब दवाखान्यातच वाढतो आणि घरी सर्वसाधारण असतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची धास्ती असे त्याचे वर्णन केले जाते. याउलट काहींचा दवाखान्यात ठीक आणि कामाच्या ठिकाणी किंवा घरी वाढलेला असतो. हा छुपा उच्च रक्तदाब अधिक घातक, कारण तो नोंदीत येतच नाही. दोन्ही ओळखण्यासाठी घरगुती मोजणी उपयोगी पडते. त्यासाठी मनगटाऐवजी दंडावर लावायचे, प्रमाणित स्वयंचलित यंत्र वापरावे. सात दिवस सकाळी औषधापूर्वी आणि संध्याकाळी दोन-दोन नोंदी घ्याव्यात, पहिल्या दिवसाच्या नोंदी वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा अधिक असेल तर तो उच्च रक्तदाब समजावा. संदिग्ध स्थितीत २४ तास अंगावर यंत्र बांधून झोपेतील रक्तदाबासह संपूर्ण दिवसाची नोंद घेतली जाते.

मूळ कारणाचा शोध

प्रौढांमधील ९० टक्क्यांहून अधिक उच्च रक्तदाबामागे एकच निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वजन, मीठ, बैठे काम, अपुरी झोप, मद्य अशा घटकांचा तो एकत्रित परिणाम असतो. तरुणांमध्येही हेच घटक प्रबळ आहेत. परंतु दुसऱ्या एखाद्या आजारामुळे रक्तदाब वाढण्याचे प्रमाण या वयात तुलनेने अधिक असते. असा आजार सापडला आणि त्यावर उपचार झाला, तर काहींना आयुष्यभराच्या गोळ्यांतून मुक्ती मिळू शकते. तरुण रुग्णाची तपासणी साठीतल्या रुग्णापेक्षा अधिक बारकाईने करण्याचे हे मुख्य कारण आहे.

मूत्रपिंडाचे आजार यांत अग्रभागी आहेत. लघवीला फेस येणे, सकाळी चेहऱ्यावर सूज दिसणे, बालपणी वारंवार झालेला मूत्रसंसर्ग किंवा कुटुंबात मूत्रपिंडावर गाठींचा विकार असणे ही त्यांची सूचक चिन्हे होत. मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाल्यासही रक्तदाब झपाट्याने वाढतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला धमनीदाह हे भारतातील तरुणांमध्ये, विशेषतः तरुणींमध्ये, त्याचे महत्त्वाचे कारण आहे. या विकारात एका हाताची नाडी क्षीण लागते किंवा लागतच नाही, आणि दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक दिसतो. केवळ एका हाताचा रक्तदाब पाहिल्यास हे निदान सहज हुकते.

महाधमनीचा जन्मजात आकुंचित भाग हे आणखी एक कारण. यात हातांचा रक्तदाब जास्त, तर पायांचा कमी असतो आणि जांघेतील नाडी उशिरा व मंद लागते. अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अतिरिक्त स्रवल्यास रक्तातील पोटॅशियम घटू शकते आणि स्नायूंना अशक्तपणा येतो. याच ग्रंथीच्या एका दुर्मीळ गाठीमुळे डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीत धडधड यांचे झटके येतात. थायरॉइडचे विकारही तपासावे लागतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही निद्राश्वसनरोधाची लक्षणे असून स्थूल तरुणांमध्ये ती वाढत्या रक्तदाबाशी निगडित असतात.

औषधे आणि पूरक पदार्थ यांची चौकशी तितकीच महत्त्वाची आहे. गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड, वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणारी काही औषधे, शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी संप्रेरके आणि उत्तेजक पेये यांमुळे रक्तदाब वाढतो. खोकल्यावर घरोघरी वापरले जाणारे ज्येष्ठमधही दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात घेतल्यास पोटॅशियम कमी करून रक्तदाब वाढवू शकते. डॉक्टरांना यांतील प्रत्येक गोष्ट सांगणे हिताचे.

प्राथमिक तपासण्या साध्या आणि बहुतेक ठिकाणी उपलब्ध आहेत. लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि दृष्टिपटलाची पाहणी यांतून बरीच माहिती मिळते. त्यांत काही संशयास्पद आढळल्यास मूत्रपिंडाची सोनोग्राफी, हृदयाची इको तपासणी, संप्रेरकांच्या चाचण्या किंवा धमन्यांचे चित्रण यांचा क्रम लागतो. रक्तदाब फार वाढलेला असणे, तीन औषधांनीही तो न उतरणे किंवा कुटुंबात कुणालाही नसताना पंचविशीच्या आत तो सुरू होणे या स्थितींत सखोल तपासणी टाळू नये.

आहार, वजन आणि सवयी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाभर मीठ खावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचे सरासरी सेवन ८ ग्रॅम आढळले. पुरुषांमध्ये ते ८.९, तर स्त्रियांमध्ये ७.१ ग्रॅम होते. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स, झटपट नूडल्स, सॉस, ब्रेड, खारे शेंगदाणे आणि किनारपट्टीवर खारवलेले सुके मासे यांतून नकळत मोठा वाटा पोटात जातो. पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचे प्रमाण छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. सैंधव हा सुरक्षित पर्याय असल्याचा समज निराधार आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

काही प्रमाणात सोडियमऐवजी पोटॅशियम असलेले पर्यायी मीठ रक्तदाब कमी करण्यास साहाय्यभूत ठरते. परंतु मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवू शकणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

फळे, भाज्या, डाळी, भरड धान्ये, सुका मेवा आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ यांवर भर देणाऱ्या ‘डॅश’ आहाराची अमेरिकेत चाचणी झाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. हा परिणाम एखाद्या गोळीच्या तोडीचा आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक हे जेवण याच तत्त्वाशी जुळते, मात्र ताकात मीठ आणि पानात लोणचे-पापड यांची भर पडता कामा नये.

वजन सुमारे एक किलोने घटल्यास रक्तदाब साधारण एकाने उतरतो. भारतीयांमध्ये पोटाभोवतीची चरबी तुलनेने कमी वजनातही साचते, त्यामुळे कमरेचा घेर मोजणे उपयुक्त. आठवड्याला किमान १५० मिनिटे जलद चालणे, सायकल चालवणे किंवा पोहणे यांसारखा व्यायाम करावा. रक्तदाब फार वाढलेला असताना श्वास रोखून जड वजने उचलणे धोक्याचे आहे. तो नियंत्रणात येईपर्यंत असा व्यायाम थांबवावा.

सिगारेट, गुटखा, खैनी आणि मशेरी यांतील निकोटिन प्रत्येक वेळी रक्तदाब तात्पुरता वाढवते आणि धमन्यांची हानी करते. मद्याचे प्रमाण जितके अधिक, तितका रक्तदाब अधिक. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांचाही संबंध स्पष्ट झालेला आहे. मानसिक ताण हा घटक खरा असला, तरी तणावाचे दिवस सरल्यावर सर्व ठीक होईल असे मानून मोजणी आणि उपचार लांबणीवर टाकणे अयोग्य.

औषधे कधी आणि किती काळ

रक्तदाब १६०/१०० किंवा अधिक असेल, अथवा हृदय, मूत्रपिंड, डोळे यांवर परिणाम दिसत असेल, तर बहुधा लगेच औषध सुरू केले जाते. १४०/९० ते १६०/१०० या टप्प्यातील, अन्य धोका नसलेल्या तरुणाला जीवनशैलीत बदल करण्यासाठी साधारण तीन ते सहा महिने दिले जातात. त्या काळात रक्तदाब उतरला नाही, तर औषधाचा निर्णय होतो.

उच्च रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे स्थान आहे. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या उपयोगाविषयीचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. या कार्यासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नैराश्यासारख्या दुष्परिणामांमुळे आणि अधिक चांगली औषधे आल्याने रेसर्पिन आज पहिल्या पसंतीचे राहिलेले नाही. सर्पगंधेच्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून स्वतःच्या मनाने घेणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

सध्या अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही औषधे भारतातील सार्वजनिक आरोग्यसेवेत प्रामुख्याने वापरली जातात. ती बहुधा दिवसातून एकदाच घ्यावी लागतात आणि स्वस्त आहेत. प्रत्येकाचे काही दुष्परिणाम संभवतात. अॅम्लोडिपिनमुळे घोट्यांना सूज येऊ शकते, क्लोरथॅलिडोनमुळे सोडियम-पोटॅशियम घटू शकते. लैंगिक दुर्बलतेच्या भीतीने अनेक तरुण न सांगता गोळ्या थांबवतात. काही जुन्या औषधांबाबत ही तक्रार आढळते, परंतु टेल्मिसार्टनच्या वर्गात ती क्वचितच असते, आणि अनियंत्रित रक्तदाब स्वतःच अशा दुर्बलतेचे कारण ठरतो. औषध बंद करण्यापेक्षा बदलून घेण्याचा मार्ग खुला असतो.

‘गोळी सुटत नाही’ या वाक्यात व्यसनाचा अर्थ वाचला जातो. वास्तविक या औषधांची सवय लागत नाही. ती घेतली तेवढा काळ रक्तदाब आटोक्यात राहतो आणि थांबवल्यास तो पुन्हा वाढतो. वजन बरेच घटल्यास किंवा मूळ कारण दूर झाल्यास मात्रा कमी करता येते, क्वचित औषध बंदही होते, मात्र हा निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनीच घ्यावा.

तरुण स्त्रिया आणि गर्भारपण

प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या उपचारात एक खबरदारी अनिवार्य आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गांतील औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. गर्भधारणेचा विचार सुरू होताच डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावीत आणि अनपेक्षित गर्भधारणा झाल्यास तत्काळ संपर्क साधावा. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही औषधे गर्भारपणात वापरली जातात. गर्भ राहिला म्हणून सर्वच औषधे परस्पर बंद करणेही तितकेच घातक आहे.

गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास किंवा अन्य अवयवांवर परिणाम दिसू लागल्यास ती माता व बाळ दोघांच्या जिवाला धोका असलेली अवस्था असते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात वेदना आणि अचानक वाढलेली सूज ही तिची लक्षणे आहेत. पूर्वीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असल्याने पहिल्या तिमाहीच्या अखेरीस कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करावी काय, हे प्रसूतितज्ज्ञांना विचारावे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातही रक्तदाब वाढू शकतो. पुढे तो सर्वसाधारण झाला, तरी अशा स्त्रियांना नंतरच्या आयुष्यात उच्च रक्तदाब व हृदयविकार होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वार्षिक मोजणी आवश्यक ठरते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते.

तातडी केव्हा समजावी

रक्तदाब १८०/१२० च्या पुढे गेलेला असताना छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दृष्टी अंधुक होणे, असह्य डोकेदुखी, गोंधळलेली अवस्था किंवा आकडी यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. लक्षणे नसतील तर काही मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजावे आणि आकडा तेवढाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिभेखाली निफेडिपिनची गोळी फोडून ठेवण्याचा जुना उपाय करू नये. रक्तदाब एकाएकी कोसळून मेंदू व हृदयाचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो.

सुविधा आणि पाठपुरावा

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाला नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत प्रारंभ झाला. पुढे त्याचा विस्तार इतर राज्यांत झाला. एकसमान उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रावर महिनाभराची औषधे आणि प्रत्येक रुग्णाची संगणकीय नोंद ही त्याची सूत्रे आहेत. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. आयुष्मान आरोग्य मंदिरे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, तर जनौषधी केंद्रांत हीच औषधे अल्प किमतीत उपलब्ध आहेत. घरोघर होणाऱ्या तपासणीसाठी तिशीची अट असली, तरी त्याहून लहान व्यक्ती केंद्रावर जाऊन रक्तदाब मोजून घेऊ शकते.

निरोगी तरुणाने अठराव्या वर्षानंतर एकदा रक्तदाब मोजून घ्यावा आणि तो सर्वसाधारण असल्यास चाळिशीपर्यंत किमान दर तीन ते पाच वर्षांनी तपासावा. आई-वडिलांपैकी कुणाला उच्च रक्तदाब असेल, वजन जास्त असेल, पूर्वीची नोंद १३०/८० च्या वर असेल किंवा गर्भारपणात रक्तदाब वाढला असेल, तर ही तपासणी दरवर्षी व्हावी. निदान झालेल्यांनी औषध सुरू झाल्यावर सुरुवातीला दरमहा आणि रक्तदाब स्थिर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट घ्यावी. घरी घेतलेल्या नोंदींची वही सोबत न्यावी. शिक्षण, नोकरी किंवा विवाहामुळे गाव बदलताना ती वही, जुन्या तपासण्यांचे अहवाल आणि किमान महिनाभराची औषधे बरोबर असावीत. शहर बदलले आणि उपचार तुटला, असे तरुण रुग्णांच्या बाबतीत सर्रास घडते.